चित्रकथा: आधी पाहावी, मग ऐकावी



चित्र ही पाहण्याची वस्तू आहे, ऐकण्याची नव्हे, हे सांगावयास कोणा पंडिताची गरज नाही. असे असूनही गेली वीसएक वर्षे अमेरिका, कॅनडा व इंग्लंड या देशांत एक विलक्षण प्रघात रूढ झाला आहे. दोन माणसे समोरासमोर बसतात, चित्रांनी भरलेल्या एखाद्या पुस्तकाविषयी तास-दीड तास बोलतात, ते बोलणे ध्वनिमुद्रित होते, आणि दूरदूरची माणसे ते आवडीने ऐकतात. ऐकणाऱ्यांपुढे चित्र नसते. असतो तो केवळ चित्रकाराचा आवाज. या व्यवहारात ऐकणाऱ्याच्या पदरी काय पडते, आणि आपण मराठी वाचकांनी, विशेषतः पालकांनी व शिक्षकांनी, त्याकडे लक्ष का द्यावे, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम या साधनाची ओळख करून घेऊ. अशा मुलाखतींना पॉडकास्ट म्हणतात. हा शब्द २००४ सालच्या फेब्रुवारीत बेन हॅमर्सली या इंग्रज पत्रकाराने एका लेखात वापरला. ‘आयपॉड’ हे खिशात मावणारे गाणी ऐकण्याचे यंत्र आणि प्रक्षेपणासाठी इंग्रजीत असलेला ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द, या दोहोंच्या सांध्यातून तो तयार झाला. आकाशवाणीचे भाषण ठरलेल्या घटकेला होते. ती घटका चुकली की ते हुकले. पॉडकास्टचे तसे नाही. तो वर्तमानपत्राच्या वर्गणीसारखा आहे. एकदा नाव नोंदवले की नवा भाग आपोआप आपल्या यंत्रात येऊन पडतो, आणि सवडीने, वाटेल तितक्या वेळा ऐकता येतो. शिवाय त्याला वेळेचे कुंपण नाही. आकाशवाणीवर पंधरा मिनिटे संपली की वक्त्याला थांबावे लागते. येथे एकाच प्रश्नाच्या उत्तराला पंधरा मिनिटे लागली तरी कोणाची हरकत नसते. चित्रकथेसारख्या बारकाव्यांच्या कलेला ही ऐसपैस बैठक फार मानवली.

कॅनडातील व्हँकुव्हर शहरी विद्यापीठाच्या विद्यार्थी-नभोवाणी केंद्रावरून रॉबिन मॅककॉनेल यांनी २००५ साली ‘इंकस्टड्स’ हा कार्यक्रम सुरू केला, तो अशा मुलाखतींतील आरंभीचा होय. लंडनच्या रेझोनन्स या केंद्रावरून अॅलेक्स फिच यांनी ‘पॅनेल बॉर्डर्स’ चालवला. वेल्समधील डॅन बेरी हे स्वतः चित्रकथाकार आणि त्या विषयाचे अध्यापक. त्यांच्या मालिकेच्या नावाचा अर्थच ‘आधी करा, मग सर्वांना सांगा’ असा आहे. छापील पानावर ही परंपरा त्याहून जुनी आहे. १९७६ साली गॅरी ग्रॉथ यांच्या हाती आलेल्या ‘द कॉमिक्स जर्नल’ या नियतकालिकाने अनेक पानांच्या मुलाखती छापण्याचा पायंडा पाडला. विल आयस्नर या ज्येष्ठ चित्रकथाकाराने १९८० नंतरच्या दशकात आपल्या समव्यावसायिकांशी केलेल्या गप्पा ‘शॉप टॉक’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. पॉडकास्टने या परंपरेला प्रत्यक्ष आवाज दिला.

आता प्रश्न असा, की या कर्त्यांचा आवाज ऐकण्याची इतकी उत्सुकता का? याचे उत्तर या व्यवसायाच्या इतिहासात आहे. अमेरिकेत चित्रकथा हा प्रारंभापासून कारखान्याचा माल होता. एकाने गोष्ट रचावी, दुसऱ्याने पेन्सिलीने चित्र काढावे, तिसऱ्याने त्यावर शाई फिरवावी, चौथ्याने अक्षरे लिहावीत, पाचव्याने रंग भरावेत, आणि हक्क मात्र प्रकाशकाच्या तिजोरीत जावेत, अशी ती रीत होती. ‘सुपरमॅन’चे जनक जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ साली आपल्या मानसपुत्राचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलर्सना विकले. त्या नायकाने पुढे प्रचंड पैसा मिळवून दिला. जनक मात्र विपन्नावस्थेत राहिले. १९७५ साली लोकमताच्या दडपणाखाली त्यांना वार्षिक वेतन आणि मुखपृष्ठाआड हरवलेले श्रेय मिळाले. ज्याचे नावच छापले जात नाही, त्याला त्याच्या कामाविषयी प्रश्न कोण विचारणार?

या रीतीला कंटाळून जे बाहेर पडले ते स्वतंत्र चित्रकथाकार. गोष्ट, रेषा, अक्षर, कित्येकदा छपाईचा खर्चही स्वतःचा. ओहायो राज्यातील क्लीव्हलंडचे हार्वी पीकर हे माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात कागदपत्रे लावणारे कारकून होते. त्यांना चित्र काढता येत नव्हते. काड्यांच्या माणसांनी ते चौकटींचा आराखडा करीत आणि चित्रकार मित्रांकडून चित्रे काढवून घेत. १९७६ पासून ‘अमेरिकन स्प्लेंडर’ या नावाने ते आपले अंक पदरमोड करून छापू लागले. त्यांत ना उडणारे वीर होते ना राक्षस. दुकानातील रांग, कचेरीतील सहकारी, मोडकी मोटार, एकट्याने काढलेली सुट्टी, एवढाच मजकूर. आपल्याकडील कोणत्याही मध्यमवर्गीय घराला ओळखीचे वाटावे असेच ते जग आहे. पीकर निवृत्त होईपर्यंत कारकुनी करीत राहिले. कारण स्वतंत्र कलेवर घर चालत नव्हते. अशा माणसाला आपल्या वाचकापाशी पोचण्यासाठी ना मोठ्या जाहिराती परवडतात ना पुस्तकांच्या दुकानांतील दर्शनी जागा. एक तासाची मनमोकळी मुलाखत हेच त्याचे व्यासपीठ ठरते.

परंतु ऐकणाऱ्याचा लाभ याहूनही मोठा आहे, आणि आजच्या विषयाचे मर्म तेथेच आहे. चित्रकथेचे एक पान रेखाटावयास कर्त्याला कित्येक दिवस लागतात. वाचणारा ते अर्ध्या मिनिटात उलटतो. शब्दांची गती डोळ्याला आवरते, चित्रावरून मात्र डोळा घसरत जातो. त्यातून या कलेची अर्धी किमया न काढलेल्या जागेत असते. समजा, एका चौकटीत एक मुलगा विहिरीच्या काठावरून वाकून पाहत आहे, आणि पुढच्या चौकटीत काठावर नुसती त्याची टोपी पडलेली आहे. मधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले? चित्रकाराने तेथे काहीच काढलेले नाही. जे घडले ते वाचकाच्या मनाने घडवले. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली चित्रकथेच्या रूपातच लिहिलेल्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या ग्रंथात या कोऱ्या पट्टीचे शास्त्र उलगडून दाखवले आहे. चांगला मुलाखतकार नेमका तेथे थांबतो. “या दोन चौकटींमध्ये तुम्ही मला काय करावयास लावलेत?” असे तो विचारतो, आणि कर्ता सांगू लागला की ऐकणाऱ्याला आपलीच घाई उमगते.

एक उदाहरण विस्ताराने देतो. आर्ट स्पीगलमन यांची ‘माउस’ ही चित्रकादंबरी दोन भागांत, १९८६ आणि १९९१ साली, प्रसिद्ध झाली, आणि १९९२ साली तिला पुलित्झर सन्मान लाभला. त्यांचे वडील व्लाडेक हे पोलंडमधील ज्यू; ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेले. पुस्तकात ज्यू उंदरांच्या आणि नाझी मांजरांच्या रूपात येतात. हे पुस्तकच मुळी ध्वनिमुद्रित संभाषणातून जन्मले. १९७२ पासून मुलाने वडिलांसमोर यंत्र ठेवून त्यांच्या आठवणी टिपल्या. वडील १९८२ साली वारले. त्यांचा आवाज मात्र फितीवर राहिला.

दुसऱ्या भागात असा प्रसंग आहे. छावणीतील कैदी कामावर निघताना दरवाजापाशी वाद्यवृंद वाजत असे, असे मुलाने वाचलेले असते; त्याचे पुरावेही उपलब्ध आहेत. तो वडिलांना त्याविषयी विचारतो. वडील म्हणतात, मला चालणे तेवढे आठवते, वाद्ये मुळीच नाहीत. आता चित्रकाराने काय करावे? पुरावा मानावा तर बाप खोटा ठरतो, बापाचे ऐकावे तर इतिहास खोटा ठरतो. स्पीगलमन यांनी आधी वाद्यवृंद स्पष्ट काढला. वडिलांच्या नकारानंतर तेच दृश्य पुन्हा काढले. परंतु आता कैद्यांची रांग पुढे आली आहे आणि वाद्यवृंद तिच्याआड झाकला गेला आहे. निरखून पाहिले तर डोक्यांच्या वर वाद्यांचे शेंडे किंचित दिसतात. साक्षीदार आणि पुरावा या दोघांचाही मान त्या चौकटीत राखला गेला आहे. घाईने पान उलटणाऱ्या किती जणांच्या हे ध्यानी येईल? २०११ साली निघालेल्या ‘मेटामाउस’ या ग्रंथात स्पीगलमन यांची प्रदीर्घ मुलाखत आहे आणि वडिलांची मूळ ध्वनिमुद्रणेही त्यासोबत दिलेली होती. त्या मुलाखतीत हा बारकावा उलगडतो. एकदा तो कळला की ते पुस्तक पूर्वीच्या वेगाने वाचणे अशक्य होते. या कादंबरीच्या शेवटच्या पानावर थकलेला बाप ध्वनिमुद्रण थांबवावयास सांगतो, आणि समोरच्या मुलाला, युद्धात गमावलेल्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतो.

विल आयस्नर यांची गोष्टही अशीच आहे. त्यांचे ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ हे पुस्तक १९७८ साली निघाले, आणि चित्रकादंबरी हे नाव लोकांच्या तोंडी रुळवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्यातील फ्रिमे हर्श हा श्रद्धाळू ज्यू आपल्या मानलेल्या मुलीच्या मृत्यूनंतर परमेश्वराशी भांडतो आणि त्याच्याशी केलेला करार ज्या दगडावर कोरला होता तो दगड खिडकीबाहेर भिरकावून देतो. वाचकांनी ती कल्पित कथा म्हणून वाचली. आयस्नर यांची स्वतःची मुलगी अॅलिस १९७० साली, सोळाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली होती, हे त्यांनी अनेक वर्षे चारचौघांत सांगितले नव्हते. आयुष्याच्या अखेरीस ते सांगितले. हे कळल्याने पुस्तकाची रेषा बदलत नाही, परंतु तो भिरकावलेला दगड किती जड होता हे समजते.

आता या सर्वाचा शाळेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी १९४८ साली एका कॅथोलिक शाळेतील मुलांनी घरोघरच्या चित्रकथा गोळा करून त्यांची होळी केली. त्या होळीचे छायाचित्र इतिहासात राहून गेले. मी त्याच धर्माचा आणि त्याच पेशाचा असल्याने ते मला अधिक बोचते. त्या शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. मुलांचे भले व्हावे हीच त्यांची तळमळ होती. त्या काळच्या पुष्कळशा चित्रकथा खरोखरच हीन अभिरुचीच्या व क्रूर होत्या, हेही खरे. पण आगीला निवड करता येत नाही.

१९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्टहॅम या मनोविकारतज्ज्ञांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक निघाले. चित्रकथांमुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि आधारासाठी मुलांशी झालेल्या असंख्य संभाषणांचे उतारे दिले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे या विषयाची चौकशी झाली. प्रकाशकांनी भिऊन स्वतःवर कडक आचारसंहिता लादून घेतली. मोठ्यांसाठी गंभीर चित्रकथा काढण्याची वाट त्यामुळे कित्येक वर्षे बुजली. साठोत्तर काळात स्वतंत्र चित्रकथाकार नेहमीच्या दुकानांबाहेर आपले अंक विकू लागले, त्यामागे हेही एक कारण होते. डॉ. वर्टहॅम हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत त्यांनी गरीब कृष्णवर्णीयांसाठी अल्प दरात चिकित्सालय चालवले, आणि शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यात त्यांची साक्ष उपयोगी पडली. परंतु त्यांचे कागद २०१० साली अभ्यासकांना खुले झाले तेव्हा इलिनॉय विद्यापीठाच्या प्राध्यापिका कॅरल टिली यांनी ते पुस्तकाशी ताडून पाहिले. कोठे मुलांची वये बदललेली होती, कोठे त्यांच्या बोलण्यात फेरफार केलेला होता, कोठे घरच्या मारहाणीसारखी अन्य कारणे गाळलेली होती. ज्या मुलांच्या शब्दांवर सारा खटला उभा राहिला, त्या मुलांचा आवाज त्या काळी कोणीच ऐकला नव्हता. ध्वनिमुद्रित संभाषणाचे मोल येथे कळते. बोलणाऱ्याचा शब्द त्याच्याच स्वरात, मागच्या-पुढच्या संदर्भासह टिकून राहतो, आणि कोणालाही तो पडताळून पाहता येतो.

हे सारे जुने झाले म्हणावे, तर २०२२ सालच्या जानेवारीत टेनेसी राज्यातील मॅकमिन परगण्याच्या शिक्षण मंडळाने ‘माउस’ हे पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमताने काढून टाकले. कारणे दिली ती काही अपशब्द आणि एका लहानशा चित्रातील विवस्त्र देह. लाखोंच्या संहाराची कथा सांगणारे पुस्तक आठ-दहा शब्दांवर तोलले गेले. मुलांच्या हाती काय द्यावे हे ठरवण्याचा शिक्षकांचा व पालकांचा अधिकार मला मान्य आहे. किंबहुना तो त्यांचा धर्मच आहे. चित्रे आहेत एवढ्यावरून पुस्तक लहानांचे ठरत नाही, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. अनेक उत्तम चित्रकादंबऱ्या निश्चितपणे प्रौढांसाठीच आहेत. परंतु निवाडा देण्यापूर्वी पुस्तक सबंध वाचावे आणि कर्त्याने काय साधण्याचा प्रयत्न केला ते त्याच्या तोंडून ऐकावे, एवढी अपेक्षा न्यायाची नाही काय? प्रतिवादीचे म्हणणे न ऐकता निकाल देणारा न्यायाधीश आपल्याला चालत नाही.

आपल्याकडील गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ आपल्यापैकी बहुतेकांच्या लहानपणीच्या सोबती आहेत. त्यांतील ‘कृष्ण’ राम वाईरकर यांनी रेखाटला. प्रताप मुळीक यांच्या चित्रांनी कित्येक पिढ्यांना पुराणपुरुषांचे चेहरे दिले. पात्रांचे चेहरे आपल्याला डोळे मिटूनही दिसतात. परंतु ते काढणाऱ्यांची नावे किती जणांना आठवतात, आणि त्यांचा आवाज किती जणांनी ऐकला आहे?

बडोद्याच्या वाचकांना ‘भीमायन’ हे पुस्तक आवर्जून सांगावेसे वाटते. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने ते २०११ साली काढले. शब्द श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंत दांपत्याची. डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून १९१७ साली बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, आणि अस्पृश्य म्हणून त्यांना त्या शहरात राहावयास छप्पर मिळेना, हा प्रसंग त्यात येतो. या पुस्तकात नेहमीच्या सरळ चौकटी नाहीत. माणसांना पेटीत कोंडणे आम्हाला रुचत नाही, आमची कला खुली आहे, असे या चित्रकारांनी सांगितले, आणि पुस्तकाच्या अखेरीस ती हकीकत दिली आहे. सौम्य बोलणाऱ्यांच्या शब्दांना पक्ष्याच्या आकाराचे फुगे आहेत. ज्यांच्या बोलण्यात जातीचे विष आहे त्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे. चौकटी का मोडल्या हे कर्त्यांच्या शब्दांत ऐकल्यावर कळते की तो अजाणतेपणा नव्हता. ज्याला चौकटीबाहेर ठेवले गेले त्याचे चरित्र चौकटीत बसवण्यास दिलेला तो नकार होता.

नर्मदेच्या खोऱ्यातील धरणाचा व विस्थापितांचा प्रश्न मांडणारे ओरिजित सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ साली कल्पवृक्ष या संस्थेने काढले. भारतातील पहिली चित्रकादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होतो. इंदूर आणि बडोदे या दोन्ही शहरांना ती नदी परकी नाही. याच सेन यांनी गोवा विद्यापीठाच्या मारियो मिरांडा अध्यासनाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना घेऊन म्हापशाच्या बाजाराचे चित्रांकन हाती घेतले. विद्यार्थी विक्रेत्यांपाशी बसले, त्यांच्याशी बोलले, आणि मग त्यांनी कागदावर रेषा ओढली. चित्रकथेचा उगम संभाषणात कसा असतो, याचा तो घरचा दाखला होय.

या मुलाखतींत उणिवा नाहीत असे मात्र समजू नये. मुलाखतकार व कर्ता एकमेकांचे स्नेही असले की स्तुतिपाठ सुरू होतो आणि अवघड प्रश्न राहून जातो. ज्याचे पुस्तक आपल्यापुढे नाही त्याविषयी तासभर बोलणे चालू राहिले की ऐकणारा आंधळ्यासारखा चाचपडतो; म्हणून उत्तम मुलाखतकार पानाचे वर्णन आधी करतो आणि मग प्रश्न विचारतो. शिवाय कर्ता सांगतो तोच एकमेव अर्थ, असेही नाही. लेखणीतून कित्येकदा कर्त्यालाही न उमगलेले उतरते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पुस्तक स्वतः वाचावे आणि आपल्याला काय दिसले ते मनाशी ठरवावे. मग मुलाखत ऐकावी. त्यानंतर पुस्तक पुन्हा उघडावे, आणि कर्त्याचे म्हणणे पानावर खरोखर उतरले आहे की नाही ते तपासावे.

हाच प्रयोग वर्गातही करता येतो, आणि त्यासाठी परदेशी मुलाखत हवीच असे नाही. मुलांना चार चौकटींत आपल्या घरातील एक प्रसंग काढावयास सांगावे. चित्र बरे-वाईट कसेही असो. मग एकाने चित्र हाती धरावे आणि दुसऱ्याने त्याला प्रश्न विचारावेत: ही चौकट मोठी का, येथे माणूस पाठमोरा का, या दोहोंमध्ये काय गाळलेस? गाळलेले सांगताना मूल जे बोलेल ते शिक्षकांनी शांतपणे ऐकून घ्यावे. त्या मुलाविषयी प्रगतिपुस्तकात कधी न येणारी एखादी गोष्ट तेथे कळून येण्याचा पुष्कळ संभव आहे.